तीन पानं, एक सोमवार

मॅडिसन,
१४ ऑक्टोबर

प्रिय वेंडेल,

तू बरा असशील असं लिहायची हिंमत होत नाही. आईचा गुडघा आता ठीक आहे. ती तुझ्याबद्दल बोलते, पण मी खोलीत आले की विषय बदलते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

मागच्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्की कापताना तू सगळ्यांसमोर म्हणालास, "ऑड्रा, तुमच्या विद्यापीठात शाई फुकट मिळते का गं? कारखान्यात आमच्याकडून भरून घेतलीस ती पानं बघ: कामावर समाधानी आहात का, कंपनी आपली वाटते का, कामात जीव गुंततो का. एकच प्रश्न तीन पानांवर! बाबांच्या काळापासून मिळणारी हरणांच्या शिकारीची सुट्टी साहेबानं रद्द केली, आणि त्याच सोमवारी तुझी पानं हातात आली. मी तिन्ही पानांवर 'अजिबात नाही' ठोकून दिलं. सगळ्यांनीच."

मी हसले. म्हटलं, तू आपली कारखान्यात वॉशिंग मशीन जोड, चाचण्या माझ्यावर सोड. समाधान वेगळं, निष्ठा वेगळी, गुंतणं वेगळं.

तू बरोबर होतास. डिसेंबरात आकडे मांडले तेव्हा मलाही दिसलं. तिन्ही पानांची उत्तरं इतकी जुळत होती की दोन फेकून दिली असती तरी काही बिघडलं नसतं. तसं मी अहवालात लिहिलंही होतं, एक अख्खं पान. मग ते काढून टाकलं. गुंतण्याची ती चाचणी माझी होती, बारा वर्षांची मेहनत. ती समाधान आणि निष्ठेच्या जुन्याच दोन चाचण्यांची नक्कल आहे, हे माझ्याच सहीनं लिहवेना. त्याऐवजी लिहिलं, 'तीन स्वतंत्र चाचण्या एकच सांगतात: इथल्या माणसांचं मन उडालं आहे.' कंपनीला दोनपैकी एक कारखाना बंद करायचा होता. त्यांनी तुमचा निवडला, आणि माझं वाक्य नोटिशीत जसंच्या तसं छापलं.

तीनशे दहा माणसं, वेंडेल. आणि मी मोजला होता फक्त एका सोमवारचा राग.

गेल्या आठवड्यात ते काढलेलं पान कंपनीला पाठवलं. माझ्या प्रामाणिकपणाचं त्यांना कौतुक वाटलं म्हणे. यंत्रं जूनमध्येच विकली गेली आहेत.

तेच पान सोबत जोडलं आहे. तुझ्या दोस्तांना दाखव, माझ्या नावासकट. माफी मागत नाही, मागून तुझी नोकरी परत येणार नाही.

यंदा थँक्सगिव्हिंगला मी येत नाही. तू आईकडे जा. टर्की तूच काप.

तुला हसलेली,
तुझी बहीण
ऑड्रा