माझं हसू पुरावा म्हणून दाखल झालं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर अजून धरलेलीच आहे). तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजी मीठ खरंच कमी करतात की फक्त डॉक्टरांसमोर? लेकीच्या लग्नाची तयारी कुठवर आली? इकडे सगळं ठीक आहे आणि तुझा भाऊ आज गल्लीतून छाती काढून चालतो आहे.

तर झालं असं, की माझ्या दुकानातल्या खोटे दात भाजायच्या भट्टीने मान टाकली. एक दात पिवळा निघतो, शेजारचा करपतो, आणि असली बत्तिशी कोण तोंडात घालणार? नवी भट्टी आली नाही तर दुकानाला टाळं, म्हणून बँकेत कर्ज मागायला गेलो. तिथल्या बाईंनी माझा क्रेडिट रिपोर्ट पाहिला आणि हळू आवाजात सांगितलं, की मी मोटरसायकलचे हप्ते थकवले आहेत. मी, ताई. लहानपणी साध्या सायकलवरून पडून जो पुढचे दोन दात कायमचे रस्त्यावर ठेवून आला, तो मी. कर्ज नामंजूर.

रिपोर्ट काढणाऱ्या कंपनीला फोन केला. त्यांनी मोटरसायकलवाल्या फायनान्स कंपनीला विचारलं, नोंद खरी का? ती म्हणाली, खरी. झाली चौकशी. तेव्हा मला तुझं वाक्य आठवलं (सगळा जन्म सरकारी कचेरीत काढलास, तो असा कामी आला): फोनवर भांडू नकोस, लेखी भांड. मग पोलिसांत तक्रार दिली, तिची प्रत जोडून दोन्ही कंपन्यांना लिहिलं, की हे कर्ज माझं नाही, कशाच्या आधारावर माझं म्हणता ते दाखवा, आणि चूक फुकट दुरुस्त करून देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. शेवटचं वाक्य लाल शाईने लिहिलं. मग ते उद्धट वाटेल म्हणून खाली पुन्हा निळ्या शाईने लिहिलं.

उत्तरात आला एक फोटो. नव्या कोऱ्या मोटरसायकलशेजारी एक गृहस्थ किल्ली घेऊन तोंडभर हसतायत. चेहरा ओळखेना (मला चेहरे लक्षात राहत नाहीत, भाऊजींनाच एकदा कोण पाहिजे म्हणून विचारलं होतं). पण दात मात्र माझ्या हातचे. वरचा डावा सुळा किंचित वाकडा. आमचे एक चिकित्सक गिऱ्हाईक होते, कवळी खोटी वाटू नये म्हणून त्यांनी तो मुद्दाम तसा करून घेतला आणि माझा जीव खाल्ला. विजेच्या मीटरसाठी काढलेली माझ्या ओळखपत्राची प्रत तेव्हा काउंटरवर पडली होती. कवळीबरोबर तीही गेली.

फोटो घेऊन फायनान्स कंपनीत थडकलो. वाकड्या सुळ्यात तिथे कुणाला रस नव्हता. तक्रार घेणाऱ्याने फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला. टक्कल दोघांना, मिशी दोघांना. तो म्हणाला, "काका, तुम्हीच दिसताय की."

मग मी हसलो. ताई, आयुष्यात इतकं मन लावून कधी हसलो नव्हतो. त्याने एकदा फोटोतली भरगच्च कवळी पाहिली, एकदा माझी दोन दातांची खिंड पाहिली आणि साहेबीणबाईंना बोलावलं. त्यांच्यासाठी पुन्हा हसलो. त्या म्हणाल्या, दात नंतर पडले असतील. मी पाकिटातून तुझ्या लग्नातला फोटो काढला. त्यात मी तुझ्या मागे उभा राहून असाच हसतोय. बाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि हे कर्ज माझं नसल्याचं पत्र तिथल्या तिथे दिलं. रिपोर्टमधली नोंद पुसली गेली, नवा स्वच्छ रिपोर्ट बँकेत पोचला आणि कर्ज मंजूर झालं. भट्टी सोमवारी येते आहे. मला फार आनंद झालाय, ताई.

तुझा,
धाकटा

ता. क. चिकित्सक पोलिसांना सापडले. कोठडीतून निरोप आला, की कवळी टोचते. जाऊन घासून दिली. हातचं काम आहे, वाईट कसं दिसू द्यायचं?

ता. क. लेकीच्या लग्नातल्या फोटोसाठी दात बसवून घे, असा तुझा हट्ट आहे. पण खटला संपेपर्यंत माझी खिंड हा पुरावा आहे, तिला हात लावता येत नाही.

ता. क. असं कुणीही म्हटलेलं नाही. उलट साहेबीणबाईच म्हणाल्या, आता बसवून टाका. खरी गोष्ट अशी, की माप द्यायला दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसावं लागतं, आणि दुसऱ्यांचे दात करण्यात जन्म गेला तरी त्या खुर्चीची मला भीती वाटते. गुरुवारची वेळ घेतली आहे. माझा दुधाचा दात काढताना धरला होतास तसा हात धरायला ये. घरी विचारलं, तर भट्टी बघायला चाललेय म्हणून सांग.