कोकिळाच्या दातांवरची तार

रेवदंडा,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५६

तीर्थस्वरूप वेणूबायस,
धाकटा भाऊ गुणाजी याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

बाबांचे पुढे आलेले दात वारशात मिळालेल्या भावंडांनो! (सभेची सवय, बाय. पत्र लिहितानाही मला समोर मांडव दिसतो. भावंडं म्हणजे तू आणि मी, दोघंच.) बाबांचा मचवा वादळात गेला, आंबा काकांनी घेतला, आपल्या वाट्याला तेवढे हे दात आले. गावाने तुला ‘खवणी’ म्हटलं, मला ‘फावडं’. तू चोपन्नची झालीस, मी एकोणपन्नासचा, तरी गाव ते विसरलेलं नाही. असो. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला उतरला का? इकडे ऊन चांगलं, बोंबील छान सुकताहेत, सर्व क्षेम आहे, आणि मी रागाने फुटायच्या बेतात आहे.

गेल्या शिमग्याला माझी कोकिळा तुझ्याकडे मुंबईला चार दिवस राहायला आली, ती परतली तोंडात तार घेऊन! तार कुंपणाला असते, पोस्टात असते. माणसाच्या तोंडात तिचं काय काम? तू कळवलंस की सोळावं वर्ष यासाठी चांगलं, हाड कोवळं असतं, दोन वर्षांत दात मागे सरतील. मी सगळं समजलो. पोरीचं लग्न जमावं म्हणून तिला जनावरासारखा लगाम! त्यात श्रावणात नागावच्या सखुबाईने आपल्या मुलासाठी, सदासाठी, कोकिळाला मागणी घातली आणि वर निरोप धाडला, “दात मार्गी लागले की पुढचं बोलू.” आता हा सदा एकतीस वर्षांचा. त्याचे वरचे दोन दात एकमेकांवर असे चढलेत, जशा ओहोटीला चिखलात कललेल्या दोन होड्या. पण त्याने वर मिशी सोडली आणि प्रश्न मिटला. मुलीने तार लावावी आणि पुरुषाने मिशी वाढवावी, हा कुठला न्याय? मच्छीमारांच्या सभेत मी हेच विचारलं. टाळ्या पडल्या. (पहिल्या रांगेतले दोघे तोंड पुसत होते, पण ते वेगळ्या कारणाने.)

तर दात कुठवर सरले ते पाहण्याच्या निमित्ताने बुधवारी ही मंडळी मुलगी बघायला येणार होती. सांगितलं होतं तिसऱ्या प्रहरी, उगवली सकाळी दहालाच. कोकिळा तेव्हा शेजारीण तुळशी हिच्या अंगणात जाळं सांधत होती. तुळशीचा नवरा भिकू संध्याकाळच्या भरतीला निघायचा, म्हणून जो तो हात लावत होता. आपल्याकडे दोऱ्याचं टोक दातांत धरूनच गाठ आवळतात, हे तुला सांगायला नको. पाच वर्षांची असल्यापासूनची सवय. तोंडात तार आहे हे पोर विसरली आणि दोरा चावला. तो तारेखाली गेला, आकड्यात अडकला. तुळशीने सोडवायला म्हणून ओढला, तो आणखी आत रुतला. पोर आणि दहा हात जाळं एकजीव झालं!

चार बाया जाळं उचलून पोरीच्या मागून चालल्या, वरात असावी तशा, आणि सरळ माझ्या ओटीवर आल्या. तिथे पाहुणे चहा पीत होते.

“जाळ्याला सुरी लावाल तर याद राखा!” तुळशी ओरडली. “आज भरतीला जायचं हाय!”

“पोर बघायला आलो,” सखुबाई म्हणाली, “ती तर आधीच गावली हाय जाळ्यात.”

यावर सदा असा हसला की मिशी वर गेली आणि दोन्ही होड्या अख्ख्या आळीला दिसल्या. कोकिळाने जाळ्यासकट तोंड वर केलं. “मावशी, यांना कधी नेता डॉक्टरकडे?”

मंडळी चहा टाकून उठली. सोयरीक मोडली. त्या झटापटीत तारही तुटली. असल्या नाजूक तारेला काय डॉक्टरी म्हणायचं? मी म्हणतो, बरं झालं! तार गेली, सखुबाई गेली, पोर मोकळी झाली. हे मी कोकिळाला अर्धा तास उभं राहून समजावलं. ती आत निघून गेली. चार दिवस पदराचं टोक दातांवर धरून घरात वावरते आहे.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
गुणाजी

ता. क. तार आपोआप तुटली नाही. पकड घेऊन मी कापली. तुळशीचं जाळं वाचवायला, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे हा लगाम मी मानत नाही, हे सखुबाईला दाखवायचं होतं. कोकिळा “नको बाबा” म्हणत होती. तोंडात जाळं होतं, ऐकू आलं नाही, असंही सगळ्यांना सांगितलं. बाय, मला ऐकू आलं होतं.

आज सकाळी ती बोलली. “आत्यानं मला विचारून लावली. तुम्ही न विचारता कापलीत. लग्नाचं मला काय न्हाय. मला पदर न धरता हसायचं हाय.” तीस वर्षं भाषणं करतो आहे, पण या वेळी सरळ उठून बोटीची वेळ विचारून आलो. येत्या शुक्रवारी सकाळी रेवसच्या बोटीने तिला घेऊन येतो. तू धक्क्यावर ये आणि तिला तशीच डॉक्टरकडे ने. मी बाहेर बसेन.

आणखी एक. बाहेर बसणार नाही. पन्नाशीच्या माणसाचं हाड ऐकतं का, एवढं हळूच विचारून ठेव, नाव सांगू नकोस. माझ्या बोलण्याचे तुषार उडतात म्हणून सभेत पहिली रांग हल्ली तोंडासमोर उपरणं धरून बसते. ऐकत असेल, तर पन्नाशी ओलांडलेल्या बाईचंही ऐकेलच. तेव्हा राग मानू नकोस, आजच्या आज जा आणि शुक्रवारचे नंबर लाव. दोन नव्हेत, तीन.