बोटाचं कॅलिब्रेशन

चि. सहादूस झुंबरदादाचा सप्रेम जयभीम. तुझी तब्येत खणखणीत असल्याचं तुझी कारभारीण लता फोनवर सांगते (तिचा आवाज वेगळं सांगतो, पण ते असो).

आता नीट बसून वाच. आमच्या कॉलनीत प्रोस्टेटची रीतसर तपासणी करून घेणारा पहिला माणूस तुझा दादा आहे! बाकीची मंडळी वय झालं, लघवीला वेळ लागणारच म्हणून गप्प बसतात. मीही आधी मुतखडा समजून कुळथाचं पाणी पीत होतो (त्याने संडास-बाथरूमच्या फेऱ्या तेवढ्या वाढल्या). पण ओझरच्या कारखान्यात माझ्या शिक्क्याशिवाय विमानाचा एक बोल्ट बाहेर पडला नाही, हे तू जाणतोसच. तेव्हा नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात मी ताठ मानेने गेलो. रक्त दिलं. मग तरुण डॉक्टरने हातमोजा चढवला आणि मला कुशीवर वळवलं. मी विचारलं, या बोटाचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं? तो म्हणाला, "काका, बोट बरोबर आहे. ग्रंथी कडक लागतेय." चहा गाळायच्या आत तपासणी आटोपली. एवढ्याशा गोष्टीला पुरुषमाणसं का लाजतात, कळत नाही. रक्तातला पीएसएचा आकडाही मर्यादेबाहेर आला. नुसत्या आकड्यावर कॅन्सर ठरत नाही, म्हणून सुईने तुकडे काढले, त्यात तो सापडला. पण ग्रंथीच्या आतच आहे, बरा होणारा आहे. दोष वेळेत पकडला गेला याचा मला भारी अभिमान वाटतो. कट्ट्यावर रोज सगळं सांगतो. हल्ली लोक मला बघून रस्ता बदलतात.

घरात आधी कोणाला होता का, असंही डॉक्टरने विचारलं. मला आपल्या आबांची शेवटची दोन वर्षं ठणकणारी कंबर आठवली. सगळा गाव वात म्हणाला, तपासलं कोणीच नाही. लक्षणं ऐकून डॉक्टर म्हणाला, बहुधा हाच कॅन्सर हाडात उतरला असावा.

सूनबाई सायलीला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा दादा

ता. क. तूही हल्ली बांधावर फार वेळ उभा असतोस, असं लता म्हणते. कुळीथ उकळू नकोस. सोमवारी माझा अश्विन गाडी घेऊन येतोय. निमूट बस.

ता. क. (वहिनीकडून) भाऊजी, हे ताठ मानेने वगैरे गेले नव्हते. साखरपुड्याला जायचंय सांगून मी यांना सफारी घालून रिक्षात बसवलं होतं. दवाखान्याच्या दारात भांडले. तुम्ही मात्र सरळ या. ठरलेल्या ऑपरेशनची यांना फार धास्ती आहे, बोलत नाहीत. सोबतीला भाऊ हवाय म्हणतात. आणि मला तो भाऊ धडधाकट हवाय.