शनिवारी खुर्ची सोडायची नाही

बाबा,

तालमीला पळतेय. जेवण झाकून ठेवलंय. शहरात तीन नवी संगीत नाटकं लागताहेत. दोन सवडीने बघा, शनिवारचं मात्र चुकवायचं नाही. तिकीट आरशाला खोचलंय, तिसरी रांग.

जन्मभर नाट्यगृहात पडदा ओढलात, म्हणून प्रत्येक नाटक विंगेतून, बाजूनेच पाहिलंत. मागे एकदा प्रेक्षकांत बसवलं, तर शेवटचं गाणं संपत आल्यावर सवयीने उठलात आणि दोरी ओढायला थेट स्टेजकडे निघालात! हसून हसून आमची पुरेवाट झाली.

‘नाटकाने पोट भरत नाही’ हे घरी आल्यावर खुशाल ऐकवा. पण शनिवारी हलायचं नाही. शेवटचं गाणं माझं आहे, लहानपणी ज्या आवाजाला तुम्ही ‘भोंगा’ म्हणायचात त्याच आवाजात. पडदा दुसरं कोणी पाडेल; तुम्ही मला समोरून बघा.

तुमचा भोंगा