पाठमोरे बेट

कुल्लोर्सुआक,
दिनांक १९ ऑगस्ट

तीर्थरूप आई,

तुझे पत्र पोहोचले. येथे सर्व कुशल आहे. यंदा शिकारीत सील पुरेसे मिळाले. कुत्री लठ्ठ झाली आहेत.

नूक शहरातील तुझ्या मैत्रिणी हसतात, म्हणून यापुढे मी तुला ‘इनालुक’ असेच लिहावे, ही तुझी सूचना पुतण्या तोबियासकडून वाचून घेतली. तू माझी नात आहेस, हे मी विसरलेलो नाही. परंतु माझ्या आईचे नाव तुला दिले, त्या दिवसापासून आपल्या रीतीप्रमाणे तू माझी आई आहेस. मी शाळेत चौथीपर्यंतच गेलो. तरी दिलेले नाव परत घेता येत नाही, एवढे मला समजते.

गेल्या आठवड्यात तोबियास मला होडीने पाठमोऱ्या बेटाकडे घेऊन गेला. नकाशात त्या बेटाखाली ‘निर्जन’ असे छापले आहे. तुझी, म्हणजे पहिल्या इनालुकची, कबर तेथे आहे. हिवाळ्यात अस्वले तिचे दगड ढकलतात. दर उन्हाळ्यात मी ते पुन्हा रचतो. गावाकडे त्या बेटाची पाठ आहे, नुसता कडा. उतरण्याजोगी जागा एकच, पलीकडच्या बाजूस, आणि तिच्या तोंडाशी पाण्याखाली खडक. ती वाट तोबियासला ठाऊक नाही.

“काका, आता कुठून?”

“सरळ. बेट समोरच आहे.”

त्याने इंजिन बंद केले. “काका, तो हिमनग आहे. बेट डावीकडे राहिलं.”

“धुकं आहे.”

“धुकं? अहो, लख्ख ऊन पडलंय! त्या हिमनगावर आदळलो असतो, तर आपल्या कबरीला दगडसुद्धा लागले नसते.”

तो हसला. मी हसलो नाही. आम्ही परतलो.

“इनालुकला कळवू का?” त्याने धक्क्यावर विचारले.

“मला लिहिता येतं,” मी म्हणालो.

अक्षर मोठे काढले आहे, कारण कागद भरपूर आहे. ओळी तिरप्या गेल्या असल्यास दोष टेबलाचा आहे. डोळ्यांचे डॉक्टर गावात येऊन गेले. ते काय म्हणाले, हे लिहिण्याची आवश्यकता नाही. मी थकलो आहे, इतकेच.

आजोबाने नातीकडे काही मागणे मला शोभत नाही आणि मी मागणार नाही. लेकराने आईकडे मागण्यात मात्र कमीपणा नाही. समुद्र गोठण्यापूर्वी एकदा ये. होडीत माझ्यापुढे बस आणि कडा कोठे संपतो, तेवढे सांग. तेथून पुढची वाट मला पाठ आहे.

तुझा मुलगा,
सिवेर्त