लंगड्या मिस्त्रीच्या मुलीची उडी

प्रिय अब्बा, सलाम.

तुमचा चाळिसावा दिवस झाला तेव्हा घरातले पुरुष कब्रस्तानात फुलं घालून आले. मी दारातच राहिले. आपल्याकडे बायका आत जात नाहीत, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला तुमच्याशी काही बोलायचंही नव्हतं. आज बोलायचंय. भांडायचंय! आणि समोर तुम्ही नाही, म्हणून हा कागद घेतला. मराठीतच लिहितेय. उर्दू ना तुम्हाला वाचता यायचं, ना मला लिहिता येतं. मावळातली माणसं आपण.

तर ऐका. सकाळी निगडीहून कंपनीच्या बसमध्ये बसले. चाकण येईपर्यंत मी झोप काढते, पण शेजारच्या मनीषानं कोपरानं ढोसलं आणि मोबाइल डोळ्यांपुढे धरला. "रुबी, बघ गं, ही पोरगी ऑलिंपिकमध्ये लंगडी घालतीये!"

लंगडी कसली, तिहेरी उडी होती ती. डॉमिनिका म्हणून एक देश आहे, समुद्रातलं बेट. मनीषा म्हणाली, अख्ख्या देशाची माणसं आपल्या निगडी-आकुर्डीत मावतील. त्यांना आजवर ऑलिंपिकचं एकही पदक नव्हतं. आणि पहिलं मिळालं तेही सुवर्ण, एका मुलीच्या तिहेरी उडीला. ती पळत आली, एका पायावर उडाली, त्याच पायावर उतरली, मग ढांग, मग झेप, आणि वाळूत. माझ्या पोटऱ्या बसल्या जागी ताठ झाल्या हो, अब्बा.

"मी करायचे हे, शाळेत असताना," मी म्हटलं.

"काय सांगतेस! मग सोडलंस का?"

"अब्बांनी सोडायला लावलं."

"हां. तुमच्यात असंच असतं ना," मनीषा म्हणाली.

चांगली आहे ती, मनात काही ठेवून बोलली नाही. मीही मान डोलावली. इतकी वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलेय. तुम्हीच तर दिलं होतं हे कारण.

आठवतंय? मी आठवीत होते. पीटीच्या बाईंनी मला लंगडीच्या खेळात हेरलं. बाकीच्या पोरी दमून पाय टेकवायच्या, आणि मी एका पायावर सगळ्यांना बाद करून वर दात काढत उभी! बाई म्हणाल्या, "रुबीना, तिहेरी उडी म्हणजे दुसरं काय? आधी लंगडी, मग ढांग, मग झेप. लंगडी तर तुला येतेच." शहराच्या स्पर्धेत मी पहिली आले. पुढे विभागाला जायचं होतं. आणि तुम्ही शाळेत जाऊन माझं नाव काढून आलात.

घरी येऊन एवढंच म्हणालात, "चड्डी घालून उड्या मारायच्या न्हाईत. न्हाई म्हंजे न्हाई." अम्मी मध्ये पडली तर तिच्यावरही डाफरलात. तुम्ही! ज्यांनी आम्हाला कधी साधं 'ए' केलं नाही! मी रडले, जेवले नाही, तुमच्याशी अबोला धरला. तुम्ही हलला नाहीत. त्यानंतर टीव्हीवर कसलीही शर्यत लागली की तुम्ही उठून बाहेर जायचात. मला वाटायचं, हा माणूस मला एकदाही बघायला आला नाही, आणि न बघताच सगळं बंद करून मोकळा झाला.

आज जेवणाच्या सुट्टीत राहवेना, बाईंना फोन लावला. त्या आता रिटायर झाल्यात, प्राधिकरणात मुलाकडे असतात. त्यांनीही तो व्हिडिओ पाहिला होता. "तुझीच आठवण आली गं बाळा," म्हणाल्या. मग तुमची चौकशी केली. तुम्ही गेलात हे सांगितल्यावर म्हणाल्या,

"फार लागलं होतं गं त्यांना, त्या दिवशी."

"कुठल्या दिवशी, बाई?"

"स्पर्धेच्या. तुला सांगू नका म्हणाले होते. आता काय लपवायचं?"

अब्बा, तुम्ही आला होतात! देहूरोडचं गॅरेज भरदिवसा बंद करून आला होतात. मैदानाच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी उभे राहून माझी शेवटची उडी बघितलीत. बाई म्हणाल्या, इतक्या जोरात टाळ्या पिटल्यात की पंचांनी वळून पाहिलं. आणि तेवढ्यात तुमच्या गिऱ्हाइकांपैकीच कुणीतरी ओरडलं, "लंगड्याची लंगडी पहिली आली रे!" सगळी गर्दी हसली.

तुमच्या पायावर टेम्पो घसरला तेव्हा मी पाळण्यात होते. तुम्हाला नीट चालताना मी पाहिलेलंच नाही. "लंगड्या मिस्त्रीचं गॅरेज कुठंय?" असं विचारत लोक यायचे. तुम्ही स्वतःच फोन उचलून हसत म्हणायचात, "लंगडा मिस्त्री बोलतोय, बोला." मला वाटायचं, तो शब्द तुम्हाला टोचतच नाही. आपल्या भाषेलाही काय म्हणावं? पोरींच्या खेळाला तोच शब्द आणि पाय अधू असलेल्या बाईलाही तोच. त्या बेटावरच्या लोकांना हा घोळ ठाऊकही नसेल.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही बाईंपुढे उभे राहिलात. तुमचे शब्द त्यांना अजून पाठ आहेत. "मला लंगडा म्हनत्यात, म्हनू द्या. माझ्या पोरीला लंगडी म्हनलेलं मला न्हाई सोसायचं." बाईंनी परोपरीनं समजावलं. तुम्ही ऐकलं नाहीत. उलट त्यांच्याकडून वचन घेतलंत, की पोरीला यातलं काही कळता कामा नये, घरी काय सांगायचं ते मी बघतो.

काय केलंत हो हे! कुणा टवाळाच्या एका वाक्यापायी? म्हणाले असते लंगडी, तर म्हणाले असते. मी आणखी दोन हात लांब उडी मारली असती! मला एकदा विचारायचं तरी. पाय माझे होते ना, अब्बा?

कदाचित विभागातच हरले असते मी. पण हरून आले असते. आज माझ्याकडे ते हरणंसुद्धा नाही. मनीषाच्या मोबाइलवर ती मुलगी झेंडा पांघरून रडत होती आणि मी मनातल्या मनात माझा वाळूतला ठसा शोधत होते. तो केव्हाच बुजला.

आणि दुसरं, त्याचा मला जास्त राग आहे. सगळा वाईटपणा तुम्ही अंगावर घेतलात. शाळेत, गल्लीत, पुढे माझ्या सासरीसुद्धा लोकांनी गृहीत धरलं, मुसलमान बाप, तो कशाला पोरीला खेळू देतोय! तुमच्या कानांवर येत होतं हे सगळं. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. ते नाही टोचलं तुम्हाला? आणि मीही तेच धरून बसले, त्याचं काय करू मी आता? तुम्ही होतात तोवर हे कळलं असतं तर तुमच्या गॅरेजात येऊन कडाकडा भांडले असते, आणि मग दोघांनी चहा घेतला असता.

दुपारभर कामात लक्ष लागलं नाही. एकच पार्ट तीनदा मोजमापाला लावला. सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, वडिलांची आठवण आली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा म्हटलं हे.

तुम्हाला माफ केलं, असं मी लिहिणार नाही. अजून नाही केलंय. पण एक शब्द देते. उद्या बसमध्ये मनीषाला खरं काय ते सांगणार. सासरी सांगणार, जो कुणी विचारेल त्याला सांगणार, की माझ्या बापानं मला कपड्यांसाठी नाही थांबवलं. सांगताना तुमचा पाय येईल, तो शब्द येईल, लोकांचं हसणं येईल. तुम्ही जन्मभर झाकून ठेवलंत ते सगळं उघडं पडेल. तुम्हाला नाही आवडायचं, माहीत आहे मला. पण अब्बा, तुम्हाला कुणी लंगडा म्हटलं तर मला चालेल. वाईट बाप म्हटलेलं मला न्हाई सोसायचं.

तुमचीच,
रुबी