जाड तळ की पातळ?

रविवार, संध्याकाळ. लोहा.

उद्या हैदराबादला खेळायला जाताना गोल्फची कोणती वेज, म्हणजे चेंडू उचलून मारायची काठी, न्यावी? जाड तळाची की पातळ? लातूरला क्लासमध्ये पोरांना भूमितीचे कोन शिकवतो, अन् मलाच एक काठी निवडता येईना. आज आमच्या रानात दोन्ही मारून पाहिल्या. जाड तळ कडक ढेकळांवरून उसळला, चेंडूच्या डोक्यावर बसला. म्हटलं, पातळच न्यावी.

दादा बांधावरून बघत होता. "तिथली जमीन कशी हाय?"

"मऊ. हिरवळीला रोज पाणी देतात."

बोललो अन् चमकलो. तिथं पातळ रुतणारच की! चुकीच्या रानात पारख करून राहिलो होतो. जाडच नेतो.

"म्हंजी तिथं कायम वापसा, पेरणीजोगी ओल," दादा म्हणाला. "आन् पेरत कायच न्हाईत?"